अंथरुणावरून उठलेली माणसे

लंडन शहराच्या पश्चिमेस आयझलवर्थ नावाची वस्ती आहे. तेथील वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाला लागूनच गोरगरिबांसाठी चालविलेले एक जुने शुश्रूषागृह होते. १९३५ साली ते या रुग्णालयाकडे आले आणि त्यातील ७१४ रुग्णांचा भार डॉ. मार्जरी वॉरेन या विदुषीवर पडला. रुग्णांत वृद्धांचाच भरणा अधिक. कित्येक जण वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेले. त्यांना अन्न व निवारा मिळे. परंतु म्हातारपणाला औषध नाही, अशी समजूत असल्यामुळे त्यांच्या रोगाचे नीट निदान करण्याचा खटाटोप फारसा कोणी केला नव्हता.

डॉ. वॉरेन यांनी प्रत्येकास नव्याने तपासले. पुष्कळांना रोगाने जेवढे पंगू केले होते, त्याहून अधिक खाटेने केले होते! निजून राहिल्याने स्नायू झिजतात, सांधे आखडतात, पाठीला व्रण पडतात आणि मनही मरगळते. त्यांनी भिंतींना उजळ रंग दिला, भरपूर प्रकाशाची सोय केली, आधारासाठी कठडे बसविले. अर्धांगवायू झालेल्यांना उभे राहण्यास, चालण्यास, आपले कपडे आपण घालण्यास शिकविले. पुष्कळ जण घरी परतले. ७१४ खाटांच्या जागी पुढे २४० खाटा पुरेशा झाल्या.

१९४३ साली त्यांनी एका लेखात आग्रहाने मांडले की, वृद्धांसाठी सर्वसाधारण रुग्णालयातच स्वतंत्र विभाग असावा आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना हा विषय शिकवावा. वेगळे शिक्षण कशासाठी, असे तुम्ही विचाराल. तरुणाला न्यूमोनिया झाला, तर सहसा ताप चढतो. वृद्धाला कधी कधी तापच येत नाही. तो बरळू लागतो किंवा पडतो, आणि घरची माणसे म्हणतात, ‘वय झाले!’ शिवाय त्याला एकाच वेळी चार व्याधी व दहा औषधे असावयाची. त्यांतील एखादे औषधच घेरी आणीत असते. हे ओळखण्यास सरावलेली नजर लागते, आणि ती केवळ पुस्तकाने येत नाही.

या शास्त्राला ‘जेरिअ‍ॅट्रिक्स’ हे नाव इग्नाट्झ नॅशर यांनी १९०९ साली दिले. आपल्या आयुर्वेदाच्या आठ अंगांत जराचिकित्सा गणलेली आहेच. तरीही भारतात या विषयाचे एम. डी. पदवीचे शिक्षण मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात सुरू व्हावयास १९९६ साल उजाडले. इतका विलंब का झाला, याचे मला नवल वाटते.

असे शिक्षण घेणारे डॉक्टर आणि परिचारिका एक अगदी साधी परीक्षा शिकतात. वृद्धाला खुर्चीवरून उठण्यास, तीन मीटर चालून मागे फिरण्यास आणि पुन्हा बसण्यास सांगावयाचे व घड्याळ पाहावयाचे. बारा सेकंदांहून अधिक वेळ लागला, तर तो पडण्याचा संभव धरतात आणि मग त्याचे पाय, डोळे, पादत्राणे व औषधे एकेक करून तपासू लागतात.