घरगुती अळिंबी लागवड : खोलीतील हवा खेळती कशी ठेवावी?

पुणे जिल्ह्यातील बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके अवर्षणप्रवण पट्ट्यात मोडतात. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस इथवर येईतो ओसरतो. मात्र १८८५ मध्ये पूर्ण झालेला नीरा डावा कालवा आणि १९८० मध्ये पूर्ण झालेले भीमेवरील उजनी धरण यांनी या परिसराचा चेहरामोहरा पालटला. ऊस, गहू, द्राक्षे आणि डाळिंब यांनी शिवार हिरवे झाले. तथापि कालव्याचे पाणी प्रत्येक गावाला मिळते असे नाही, आणि ज्याच्या नावावर जमीनच नाही त्याला त्या पाण्याचा थेट लाभही नाही. अशा कुटुंबांसाठी घरातील एखाद्या रिकाम्या खोलीत करता येणारा व्यवसाय म्हणून अळिंबीच्या, म्हणजेच मशरूमच्या लागवडीकडे पाहिले जाते.

या व्यवसायाला शेत लागत नाही. कच्चा माल म्हणजे गव्हाचे किंवा सोयाबीनचे वाळलेले काड, तो गावातच मिळतो. उसाचे पाचटही उपयोगी पडते. एक किलो वाळलेल्या काडापासून सर्वसाधारणपणे अर्धा ते पाऊण किलो ताजी धिंगरी अळिंबी मिळू शकते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अखिल भारतीय समन्वित अळिंबी संशोधन प्रकल्पाचे केंद्र आहे. बारामतीजवळ शारदानगर येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. मार्गदर्शनाची सोय अशी जवळ असूनही पहिल्याच हंगामानंतर खोली बंद पडते, असे पुष्कळदा घडते. बियाणे खराब निघाले किंवा पाणी कमी पडले, अशी कारणे मग सांगितली जातात. खरे कारण अनेकदा निराळेच असते. खोलीत पाणी भरपूर असते, परंतु हवा नसते.

अळिंबीही श्वास घेते

अळिंबी ही भाजीसारखी शिजवून खातात. पण ती वनस्पती नव्हे, बुरशीवर्गातील जीव आहे. हिरव्या वनस्पती दिवसा कार्बन डायऑक्साइड वायू घेऊन प्राणवायू सोडतात. अळिंबीचे तसे नाही. तिच्यात हरितद्रव्य नसल्यामुळे ती माणसाप्रमाणे प्राणवायू घेते आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते. शंभर-दीडशे पिशव्या टांगलेली बंद खोली म्हणजे रात्रंदिवस श्वास घेणाऱ्या असंख्य जीवांनी भरलेली खोलीच होय.

तिच्या वाढीचे दोन टप्पे असून हवेची गरज प्रत्येक टप्प्यात वेगळी असते. पहिला टप्पा बियाणे भरल्यापासून पंधरा ते वीस दिवसांचा. या काळात पांढऱ्या तंतूंचे जाळे काडात पसरते. त्याला अंधार आणि ऊब हवी असते, व कोंदट हवेचा फारसा त्रास होत नाही. दुसरा टप्पा प्रत्यक्ष अळिंबी उगवण्याचा. टाचणीच्या डोक्याएवढे अंकुर दिसू लागले की भरपूर ताजी हवा हवीच. मोकळ्या वातावरणात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण हवेच्या दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग इतके असते. अळिंबी उगवताना खोलीतील हे प्रमाण हजार भागांच्या आत राखणे इष्ट असते. दारे-खिडक्या लावून घेतलेल्या भरल्या खोलीत ते पाहता पाहता याच्या कितीतरी पट वाढते. म्हणून दोन टप्प्यांसाठी दोन स्वतंत्र जागा असणे उत्तम. ते शक्य नसेल तर खोलीच्या मध्यभागी जाड पडदा लावून तिचे दोन भाग करावेत.

कांदाचाळीचा धडा आणि त्याची मर्यादा

वायुवीजन हा शब्द जड वाटला तरी ही कल्पना ग्रामीण माणसाला नवी नाही. कांदाचाळ जमिनीपासून उंच का उचलतात व तिच्या भिंतींना फटी का ठेवतात, हे प्रत्येक कांदा उत्पादक जाणतो. जुन्या माळवदी घरांच्या छतात ठेवलेले साणे धूर आणि उष्ण हवा वर काढून देत असे. उबदार हवा हलकी होऊन वर जाते व तिची जागा घेण्यासाठी खालून थंड हवा आत येते, हे तत्त्व या दोन्ही रचनांमागे आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिस शहराखालील दगडाच्या जुन्या खाणींत अळिंबी पिकवणाऱ्यांनाही वरपर्यंत नेलेल्या हवेच्या विहिरींवरच भिस्त ठेवावी लागे.

परंतु कांदाचाळीचा धडा अळिंबीला जसाच्या तसा लागू करता येत नाही. कांद्याला वाहती कोरडी हवा हवी असते, तर अळिंबीला वाहती पण ओलसर. उगवणीच्या काळात खोलीतील सापेक्ष आर्द्रता ८० ते ९० टक्के आणि तापमान जातीनुसार २० ते ३० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे लागते. बारामती-इंदापुरातील अडचण नेमकी येथेच आहे. एप्रिल-मे महिन्यांत बाहेरील तापमान चाळीस अंशांच्या आसपास असते व दुपारची हवा अत्यंत कोरडी असते. खिडकी उघडली तर ओलावा निघून जातो आणि कोवळे अंकुर सुकतात. खिडकी बंद ठेवली तर खोली गुदमरते. या पेचातून मार्ग काढायचा तर हवा आणि ओलावा एकाच वाटेने आत आणले पाहिजेत.

खोलीची रचना

दहा फूट रुंद, बारा फूट लांब आणि दहा फूट उंच अशी एक खोली उदाहरणादाखल घेऊ. तिच्यात १,२०० घनफूट हवा मावते. उगवणीच्या काळात ही हवा तासाला चार ते सहा वेळा पूर्ण बदलली जावी, असा सर्वसाधारण हिशेब धरता येतो. पाच वेळा धरल्यास तासाला ६,००० घनफूट हवा बदलावी लागेल.

घरगुती वापराचा नऊ इंची एक्झॉस्ट पंखा मिनिटाला सुमारे ४०० घनफूट हवा बाहेर फेकतो. म्हणजे तो तासातून पंधरा मिनिटे चालला तरी काम भागते. जाळी व ओले गोणपाट यांच्या अडथळ्यामुळे प्रवाह मंदावतो, हे लक्षात घेऊन वीस मिनिटे धरावीत. मोठा पंखा लावून तो अखंड चालू ठेवणे हे पंखा मुळीच न लावण्याइतकेच हानिकारक होय. कारण त्याने खोली कोरडी पडते. तासाला ठराविक मिनिटे पंखा आपोआप चालू-बंद करणारे टायमर बाजारात मिळतात. त्यावरील खर्च वाया जात नाही.

पंखा एका भिंतीत छताजवळ बसवावा. हवा आत येण्याची वाट त्याच्या समोरच्या भिंतीत, जमिनीपासून फूट-दीड फूट उंचीवर ठेवावी. त्यामुळे हवेला संपूर्ण खोली ओलांडून वर चढावे लागते व कोपरे कोंदट राहत नाहीत. आत येण्याची वाट पंख्याच्या तोंडापेक्षा बरीच मोठी, एकूण तीन चौरस फुटांची तरी असावी. एक फूट बाय दीड फुटाचे दोन झरोके त्यासाठी पुरेसे होतात. ही वाट शक्यतो उत्तरेच्या, सावलीतल्या बाजूला असावी.

झरोक्यांना आतून बारीक नायलॉनची जाळी ठोकावी, म्हणजे अळिंबीवरील माश्यांना अटकाव होतो. बाहेरून गोणपाटाचा दुहेरी पडदा सोडावा आणि तो थेंब थेंब पाण्याने ओला ठेवावा. ठिबक सिंचनाची एखादी जुनी नळी त्यासाठी उपयोगी पडते. बाहेर ४० अंश तापमान व २० टक्के आर्द्रता असताना ओल्या पडद्यातून येणारी हवा २८ ते ३० अंशांपर्यंत उतरू शकते आणि सोबत ओलावाही आणते. कोरड्या हवेचा एरवी जाचणारा गुण येथे उपकारक ठरतो. पावसाळ्यात बाहेरची हवाच दमट असल्याने या पडद्याने गारवा फारसा मिळत नाही. तेव्हा पडदा बाजूला सारून नुसती जाळी ठेवणे योग्य.

वीजपुरवठा खंडित होऊ शकतो, हे गृहीत धरूनच रचना करावी. पंखा बंद असतानाही हवा खालून वर जाईल, एवढा एक जाळीदार झरोका छताजवळ राखून ठेवावा. पंखा चालू असताना तो झाकून घ्यावा. अन्यथा पंखा जवळचीच हवा ओढून बाहेर टाकील आणि खालची हवा जागच्या जागी राहील. पंख्याचा किंवा झरोक्याचा झोत थेट पिशव्यांवर येऊ देऊ नये.

ऋतुमानाप्रमाणे वेळापत्रक

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी जुलै ते फेब्रुवारी हा काळ निवडणे श्रेयस्कर ठरते. पावसाळ्यात हवा अधिक व पाणी कमी, हे सूत्र ठेवावे. हिवाळ्यात पहाटे पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. तेव्हा हवा बदलण्याचे मुख्य काम दुपारच्या उबदार वेळी करावे आणि रात्री पंख्याची मिनिटे कमी करावीत. खोली उबदार ठेवण्यासाठी कोळशाची शेगडी पेटवून दार लावून घेणे हा प्रकार मात्र कटाक्षाने टाळावा. तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू वासावरून कळत नाही आणि आत जाणाऱ्याचा प्राण घेऊ शकतो. उन्हाळ्यात लागवड करायचीच असेल तर उष्णता सोसणारी गुलाबी धिंगरीसारखी जात घ्यावी व हवा पहाटे आणि रात्री अधिक बदलावी.

पीक स्वतःच सांगते

कार्बन डायऑक्साइड मोजण्याचे यंत्र प्रत्येकाला परवडणार नाही. त्यावाचून काम अडतही नाही, कारण अळिंबीच्या आकारावरून हवेची परीक्षा करता येते. देठ लांबलचक आणि टोपी लहान राहिली, तर हवा कमी पडते आहे. टोपीला भेगा पडल्या किंवा अंकुर सुकून तपकिरी झाले, तर हवा कोरडी आहे किंवा झोत फार जोराचा आहे. टोपीवर पाणी साचून ती पिवळी, चिकट झाली, तर पाणी मारल्यावर ते सुकण्याइतकी हवा खेळलेली नाही. कोणत्याही बदलानंतर एक-दोन दिवस थांबून परिणाम पाहावा. हवा, पाणी आणि तापमान या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी बदलल्यास गुण कशाचा व दोष कशाचा हे कळत नाही. तापमान व आर्द्रता दाखवणारे एक साधे उपकरण आणि त्यालगत नोंदवही, एवढी साधने प्रत्येक खोलीत असावीत.

घरातील माणसांचा विचार

पिकाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्व घरातील माणसांच्या आरोग्याला आहे. पक्व झालेली धिंगरी अळिंबी डोळ्यांना सहजी न दिसणारे असंख्य बीजाणू हवेत सोडते. ते सतत श्वासावाटे जात राहिल्यास खोकला, दम लागणे, ताप अशा तक्रारी उद्भवतात, आणि काहींच्या फुप्फुसांना त्यामुळे दीर्घकालीन इजाही होते. म्हणून पंख्याचे तोंड अंगणात, मोकळ्या बाजूला असावे. स्वयंपाकघर, झोपण्याची खोली किंवा शेजाऱ्याची खिडकी या दिशेला ते कदापि असू नये. लागवडीच्या खोलीचे दार राहत्या घरात उघडत असेल तर ते बंद ठेवून बाहेरून स्वतंत्र दार करावे. टोपीच्या कडा वर वळण्यापूर्वीच काढणी करावी, म्हणजे बीजाणू कमी सुटतात व मालही चांगला दिसतो. काढणीपूर्वी काही मिनिटे पंखा चालवावा आणि तोंडाला चांगला मास्क बांधावा. घरात दम्याचा रुग्ण असेल तर लागवडीसाठी घराबाहेरील स्वतंत्र शेडच निवडावी.

काड निर्जंतुक करण्यासाठी काही ठिकाणी फॉर्मॅलिन वापरतात. त्याची वाफ डोळ्यांना व श्वसनमार्गाला घातक असते. त्यापेक्षा भिजवलेले काड साधारण ८० अंश तापमानाच्या पाण्यात सुमारे तासभर ठेवण्याची पद्धत घरगुती लागवडीस अधिक सुरक्षित होय. हे काम नेहमी उघड्यावर, मुलांपासून दूर करावे.

गावपातळीवर काय करता येईल?

अळिंबीच्या खोलीत अनेकदा महिला बचत गटाचे कर्ज गुंतलेले असते. पहिले पीक बुडाले तर नुसते काड वाया जात नाही, गटातील परस्परांचा विश्वासही डळमळतो. त्यामुळे कर्ज किंवा अनुदान मंजूर होण्यापूर्वी खोलीची पाहणी होणे अगत्याचे आहे. हवा कोठून आत येते, कोठून बाहेर जाते आणि ती बाहेर पडल्यावर कोणाच्या घरात शिरते, हे तीन प्रश्न ग्रामसेवकाने, कृषी सहाय्यकाने किंवा पंचायत सदस्याने विचारले तरी पुष्कळ नुकसान टळेल. प्रशिक्षण वर्गात बियाणे भरण्याच्या प्रात्यक्षिकाइतकाच वेळ झरोका आणि पंखा बसवण्याच्या प्रात्यक्षिकालाही दिला जावा.

शाळांनाही येथे संधी आहे. बियाणे भरलेल्या आणि अंकुर फुटू लागलेल्या दोन सारख्या पिशव्या घ्याव्यात. एक मोकळ्या, सावलीच्या जागी व दुसरी झाकणबंद डब्यात ठेवावी. दोहोंना ओलावा सारखाच द्यावा. काही दिवसांनी दोन्हींतील देठ आणि टोप्या मुलांना मोजायला सांगाव्यात. श्वसनाचा धडा त्यांना फळ्यावरील आकृतीपेक्षा अधिक चांगला समजेल आणि घरी जाऊन ती तो आईवडिलांनाही सांगतील.

पाण्याचा थेंब न् थेंब जपण्याची शिकवण या अवर्षणग्रस्त तालुक्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घेतली आहे. हवेचे नियोजनही तितक्याच काळजीने करावयाचे असते, ही नवी शिकवण अळिंबी देते. पहिली पिशवी टांगण्यापूर्वी झरोका पाडणे व पंखा बसवणे, हा क्रम पाळला गेला तर दहा बाय बाराची खोलीही एखाद्या भूमिहीन कुटुंबाला नियमित उत्पन्न मिळवून देऊ शकेल, आणि त्यासाठी घरातील कोणालाही आपल्या आरोग्याचे मोल द्यावे लागणार नाही.