जमिनीतल्या जिवांची शिरगणती

जमिनीतले जीव वाढले की घटले, हे शेतातल्या एकट्या आकड्यावरून कळत नाही. पावसानं ओढ दिली की गांडुळं खोल जातात आणि आकडा पडतो. त्यात शेतकऱ्याचा काय दोष? म्हणून शेताच्या जोडीला, तशाच मातीची पण नांगर न लागलेली गवताळ पडीक जागाही दरवर्षी मोजायची. अशी जोडजागा मिळत नसेल तर बाकीच्या खटाटोपात पडू नका.

दोन्हीकडे 20 × 20 मीटरचा तुकडा आखा. विहिरीचा कठडा, बांधावरचा दगड अशा न हलणाऱ्या खुणांपासूनची अंतरं टेपनं मोजून वहीत लिहा. लाकडी खुंट्या वाळवी खाते, आणि मोबाइल दाखवतो ती जागा काही मीटर इकडे-तिकडे असते.

मोजणी आश्लेषा नक्षत्रात, म्हणजे ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, वाफसा आल्यावर करा. ‘श्रावणातला पहिला सोमवार’ धरू नका. 2023 सारखा अधिक श्रावण आला की सगळं गणित सरकतं. नक्षत्रं सूर्यावर चालतात, ती फारशी हलत नाहीत.

प्रत्येक तुकड्यात पाच खड्डे: 25 सेंमी लांब-रुंद, 30 सेंमी खोल. शेतात पीक उभं असेलच, तेव्हा दोन ओळींच्या मधे खणा. मागच्या वर्षीचा खड्डा टाळून तीन मीटर तरी सरका. ऊन चढायच्या आत कुदळीनं चारही बाजू झटपट कापा. रेंगाळलात तर हादऱ्यानं गांडुळं निसटतात. दर 10 सेंमीचा थर वेगळ्या घमेल्यात घ्या.

आता निवडणं. हे काम कंटाळवाणं आहे आणि चुका इथेच होतात. पांढऱ्या कापडावर ढेकळं हातानं फोडायची, प्रत्येक थराला सारखाच वेळ द्यायचा, आणि शक्यतो दरवर्षी तीच माणसं बसवायची. गांडुळं, हुमणी, वाळवी, मुंग्या, गोम, पैसा, कोळी, भुंगेरे असे गट पुरेत. जातीची नावं नंतर कुणी जाणकार सांगेल. त्यासाठी प्रत्येक गटातले दोन-तीन नमुने 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. मानेजवळ पट्टा असलेली प्रौढ गांडुळं आणि पिल्लं वेगळी मोजा. शेतात नुकतंच गांडूळखत टाकलं असेल तर तशी नोंद हवीच: त्यातली लालसर गांडुळं खतावर जगतात, त्यांना जमिनीची संपत्ती समजू नका.

खड्ड्यातल्या आकड्याला 16 नं गुणलं की चौरस मीटरचा आकडा मिळतो. सरासरीबरोबर पाचही खड्डे वेगवेगळे लिहा, कारण हे जीव कळपानं राहतात. एका खड्ड्यात चाळीस आणि शेजारी दोन, असं सहज होतं.

वहीत पीक, नांगरट, फवारणी, शेणखत आणि ‘महावेध’ हवामान केंद्रावरचा आपल्या महसूल मंडळातला पाऊस यांच्या तारखा टाका. शेवटी मूठभर माती सावलीत वाळवून बरणीत भरा, वर साल लिहा. इंग्लंडातल्या रोथॅमस्टेड केंद्रात 1843 पासूनचे नमुने असेच जपले आहेत आणि त्या काळी कुणाला माहीतही नसलेल्या तपासण्या आज त्यांवर होतात.

पाच वर्षं झाल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. शेत आणि पडीक दोन्हीकडे घट दिसली तर आधी पावसाच्या नोंदी बघा. पडीक स्थिर राहून शेतच वर्षानुवर्षं घसरत असेल, तर फवारणीचं आणि नांगरटीचं पान उघडा. मधेच पद्धत बदलायची झाली, तर एक वर्ष जुनी आणि नवी दोन्ही चालवा.