मॅग्निट्यूड व इंटेन्सिटी : भूकंपाच्या बातमीतील दोन शब्दांचा अर्थभेद

जमिनीला धक्का बसला म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात "भूकंपाची तीव्रता अमुक रिश्टर होती" असे वाक्य छापून येते. ते वाचून गावातील एक गृहस्थ म्हणतो, "आकडा लहान आहे, घर तपासण्याचे कारण नाही." दुसरा म्हणतो, "किल्लारीच्या वेळी सहा होता, परवा साडेचार झाला. म्हणजे आता थोडेच उरले!" दोघेही एकाच वाक्यावरून बोलतात, आणि दोघांचाही तर्क चुकतो. ह्याचे कारण असे की, ह्या विषयासाठी इंग्रजी भाषेत दोन निरनिराळे शब्द आहेत : मॅग्निट्यूड आणि इंटेन्सिटी. आपल्या वर्तमानपत्रांत मात्र त्या दोहोंबद्दल पुष्कळदा 'तीव्रता' हा एकच शब्द योजिला जातो. दोन मापांना एकच नाव पडले म्हणजे हिशेब बिघडावयाचाच. निलंगा तालुक्यातील आमच्या वाचकांच्या राहत्या घरांशी ह्या भेदाचा संबंध आहे, म्हणून आजच्या पाठासाठी आम्ही हेच दोन शब्द घेतले आहेत.

१. पहिला शब्द : मॅग्निट्यूड

मॅग्निट्यूड म्हणजे मोठेपणा. हा शब्द लॅटिन भाषेतील 'मोठा' ह्या अर्थाच्या शब्दापासून आला आहे. भूगर्भात जेथे खडक तुटून सरकतो, तेथे जो भूकंप उत्पन्न झाला तो मुळात किती मोठा, हे ह्या शब्दाने सांगितले जाते. मराठीत ह्याला 'परिमाण' म्हणणे बरे. परिमाण यंत्रावरील नोंदीवरून गणिताने काढतात. एका भूकंपाला परिमाण एकच असते. मग तो किल्लारीस जाणवो, निलंग्यास जाणवो, किंवा हैदराबादेस जाणवो. निरनिराळ्या वेधशाळांच्या गणितात थोडा फरक पडतो खरा, पण तो एकाच वस्तूच्या मापातील फरक होय.

अशा मापाची पद्धत अमेरिकेतील चार्ल्स रिश्टर ह्यांनी १९३५ साली कॅलिफोर्निया प्रांतातील भूकंपांसाठी घालून दिली. आज शास्त्रज्ञ मोठ्या भूकंपांसाठी तिच्याहून सुधारलेले माप वापरतात. तरी वर्तमानपत्रांत रिश्टर हे नाव टिकून आहे. ह्या मापाची एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. ह्यातील आकडे परीक्षेच्या गुणांसारखे एकेकाने वाढत नाहीत. परिमाण एकाने वाढले म्हणजे बाहेर पडणारी शक्ती सुमारे ३२ पट होते, आणि दोनाने वाढले म्हणजे सुमारे हजार पट. तेव्हा पाच आणि सहा ह्यांतील अंतर पाच रुपये व सहा रुपये ह्यांतील अंतरासारखे मुळीच नाही.

२. दुसरा शब्द : इंटेन्सिटी

इंटेन्सिटी म्हणजे एखाद्या विवक्षित ठिकाणी हादरा किती जोराचा बसला, त्याचे माप. खरे पाहता 'तीव्रता' हा मराठी शब्द ह्याच्यासाठीच राखून ठेवावयास हवा. इटली देशातील जुझेप्पे मेर्काली नावाचे एक धर्मगुरू ज्वालामुखी व भूकंप ह्यांचे मोठे अभ्यासक होते. त्यांनी १९०२ साली तीव्रतेच्या पायऱ्या ठरविल्या, त्या पुढे सुधारून बारा झाल्या. आपल्या देशात पुष्कळदा वापरली जाते ती १९६४ साली तयार झालेली मेदवेदेव, स्पॉनहॉयर व कार्निक ह्या तिघांच्या नावाची पद्धत. तीतही पायऱ्या बाराच आहेत.

ह्या पायऱ्या ठरविताना माणसांना काय जाणवले आणि घरांचे काय झाले, हे पाहतात. थोडक्यात सांगावयाचे तर, तिसऱ्या पायरीवर घरात बसलेल्या थोड्यांनाच धक्का कळतो व टांगलेला दिवा किंचित हलतो. पाचवीवर झोपलेली माणसे जागी होतात. सहावीवर लोक घाबरून बाहेर धावतात आणि कच्च्या घरांच्या गिलाव्यास तडे जातात. आठवीवर दगडमातीची बहुतेक घरे मोडकळीस येतात किंवा पडतात. बारावीवर डोंगर-दऱ्यांचे रूपच पालटते. ह्या पायऱ्या रोमन अंकांनी लिहिण्याचा प्रघात आहे, आणि त्यांत अपूर्णांक नसतो. म्हणून 'सहा दशांश दोन' असा आकडा दिसला, तर तो परिमाणाचा आहे हे ओळखावे.

३. दृष्टांत

गावाच्या चौकात एकाने हलगीवर एक टोला मारला असे समजा. टोला किती जोराचा होता, ही एकच गोष्ट आहे, ते परिमाण. परंतु जवळ उभा असलेला कान झाकून घेतो, वेशीवरच्याला आवाज साधारण वाटतो, आणि शेतातल्या माणसास तो अस्पष्टच ऐकू येतो. एकाच टोल्याचा हा निरनिराळा परिणाम म्हणजे तीव्रता. एकच भूकंप, परिमाण एक. पण गावागणिक तीव्रता निराळी.

४. १९९३ सालचे उदाहरण

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चार वाजण्याच्या सुमारास जो भूकंप झाला, त्याची आठवण ह्या भागात कोणास करून द्यावी लागत नाही. आदला दिवस अनंत चतुर्दशीचा होता आणि गावे विसर्जन आटोपून गाढ झोपली होती. त्या भूकंपाचे परिमाण ६.२ होते, काही नोंदींत ते ६.४ दिले आहे. तो सर्वत्र तोच एक आकडा. तीव्रता मात्र किल्लारी व तिच्या आसपासच्या गावांत आठवीपर्यंत, आणि काही अभ्यासकांच्या मते नववीपर्यंत पोहोचली. निलंगा तेथून सरळ रेषेत सुमारे २० किलोमीटर आहे, व लातूर शहर सुमारे ४०; जसजसे अंतर वाढले तसतशी तीव्रता उतरली. मुंबई व बंगळूर येथेही धक्का जाणवला, पण तेथे घरे पडली नाहीत.

त्या पहाटे लातूर व धाराशिव (त्या वेळचा उस्मानाबाद) ह्या जिल्ह्यांत मिळून, निरनिराळ्या नोंदींप्रमाणे, ८ ते १० हजार माणसे मरण पावली. आता दुसरा एक भूकंप पाहा. १७ ऑक्टोबर १९८९ रोजी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहराच्या परिसरात ६.९ परिमाणाचा भूकंप झाला. त्याची शक्ती किल्लारीच्या भूकंपाच्या सुमारे अकरा पट होती, तरी त्यात ६३ माणसे मरण पावली. आपल्याच राज्यात ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेस जवळजवळ किल्लारीएवढ्याच परिमाणाचा भूकंप झाला, त्यात सुमारे १८० माणसे गेली. तेव्हा परिमाणावरून मनुष्यहानीचा अंदाज बांधता येत नाही, हे उघड आहे.

मग एवढा फरक कशाने पडतो? भूकंपाचा उगम किती खोल, तो गावापासून किती दूर, पायाखालची जमीन कशी, गावात वस्ती किती दाट, वेळ रात्रीची की दिवसाची, आणि घर कशाचे. ह्या साऱ्यांनी पडतो. किल्लारीचा उगम उथळ होता आणि वेळ झोपेची होती. परंतु माणसे मेली ती मुख्यत्वे घरांमुळे. जाड भिंती बाहेरून भक्कम दिसत; आत मात्र दोन बाजूंना दगडाच्या दोन रांगा व मध्ये चिपा आणि माती, अशी त्यांची रचना असे. दोन्ही रांगांना बांधून ठेवणारा आरपार दगड नसे. वर माळवदाचा जड भार. हादरा बसताच भिंतीच्या दोन रांगा एकमेकींपासून सुटल्या, दगड निजलेल्या माणसांवर आले, आणि माळवदाच्या मातीने त्यांचा श्वास कोंडला. त्याच गावांतील हलक्या छपरांच्या खोपटी पुष्कळ ठिकाणी उभ्या राहिल्या.

५. हा भेद कळल्याने कोणत्या चुका टळतात

पहिली चूक, आकड्यांची सरळ तुलना. १० जुलै २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात ४.५ परिमाणाचा भूकंप झाला आणि तो नांदेड-परभणीकडेही जाणवला. ६.२ मधून ४.५ वजा केल्यास उरतात १.७, म्हणून तो 'थोडासाच लहान' असे अनेकांस वाटले. वस्तुतः किल्लारीच्या भूकंपाची शक्ती त्याच्या सुमारे साडेतीनशे पट होती.

दुसरी चूक अधिक घातक आहे. "आमचे माळवद १९९३ साली सहाच्या भूकंपात टिकले, आता त्याला काय होणार!" असे निलंग्याकडील काही घरमालक म्हणतात. त्यांच्या घराची परीक्षा ६.२ ह्या आकड्याने झालीच नव्हती. ती झाली वीस किलोमीटरवर उतरलेल्या तीव्रतेने. तोच भूकंप घराच्या खालीच उगम पावता, तर निकाल निराळा लागला असता. शिवाय त्या दिवशी पडलेले आतले तडे गिलाव्याखाली झाकलेले असू शकतात.

तिसरी चूक लहान धक्क्यांविषयी होते. सप्टेंबर २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातील हासोरी गावी जमिनीतून आवाज येऊ लागले व सौम्य धक्के बसले. परिमाण लहान असले तरी उगम उथळ व अगदी पायाखाली असल्यास आवाज मोठा ऐकू येतो आणि भांडी खडखडतात. एवढ्यावरून मोठा भूकंप येणारच असे ठरत नाही. तसेच लहान धक्क्यांनी जमिनीतील जोर ओसरून गेला, असेही ठरत नाही. भूकंपाचा दिवस व घटका आधी सांगणारी विद्या आजवर कोणासही साधलेली नाही. जो सांगतो त्याचे ऐकू नये.

चौथी चूक घर बांधताना होते. "हे घर सात रिश्टरचे आहे," असे कोणी गवंडी अथवा ठेकेदार म्हणेल, तर ते बोलणे निरर्थक समजावे. घर परिमाणासाठी बांधले जात नाही. त्या जागी किती जोराचा हादरा बसण्याचा संभव आहे, ते पाहून बांधले जाते. १९९३ पूर्वी हा प्रदेश भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या विभागात गणला जात असे. २००२ सालच्या नकाशात तो तिसऱ्या विभागात घातला गेला.

६. आपल्या हाती काय आहे

भूकंपाचे परिमाण मनुष्याच्या हाती नाही. अंतर व खोलीही नाही. घर मात्र हाती आहे. भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली, आणि इतर शेकडो गावांत घरे दुरुस्त व मजबूत करण्याचे काम झाले. त्या वेळी सांगितलेले उपाय आजही उपयोगी आहेत, ते असे :

(अ) दगडी भिंतीत दर दोन फूट उंचीवर, आणि आडव्या अंतरात चार फुटांच्या आत, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड घालावा. जुन्या भिंतीत भोक पाडून, आत वाकविलेली सळई ठेवून ते काँक्रीटने भरता येते.

(आ) दारे-खिडक्यांच्या वर व छताखाली सर्व भिंतींवरून अखंड फिरणारा सळईयुक्त काँक्रीटचा पट्टा घ्यावा. पेटीला दोरी बांधावी तसा तो घराला बांधून ठेवतो.

(इ) माळवदावर वर्षानुवर्षे चढविलेली जादा माती उतरवावी.

(ई) लाकडी खांब व तुळई ह्यांच्या कोनात तिरपी लाकडे ठोकावी, म्हणजे सांगाडा डोलून कोसळत नाही.

(उ) पुनर्वसनातील मजबूत घरास नवी खोली जोडताना ती सैल दगडांनी रचू नये. जुने घर टिकेल आणि नवी खोलीच अंगावर येईल.

ही कामे अनुभवी अभियंत्यास दाखवून करावीत.

सारांश, मॅग्निट्यूड म्हणजे परिमाण : भूकंप मुळात किती मोठा, आणि ते एकच. इंटेन्सिटी म्हणजे तीव्रता : तो आपल्या दारी किती जोराने आला, आणि ती ठिकठिकाणी निराळी. पुढच्या वेळी बातमीत आकडा येईल तेव्हा वाचकांनी प्रथम विचारावे, "हा आकडा कशाचा?" आणि मग आपल्या भिंतीकडे पाहावे.

वर्ग घेणाऱ्यांसाठी प्रश्न

१. एका भूकंपाला परिमाणे किती व तीव्रता किती? हलगीच्या दृष्टांतावरून सांगा.
२. परिमाण एकाने वाढल्यास शक्ती किती पट होते?
३. सॅन फ्रान्सिस्कोचा भूकंप मोठा असून किल्लारीस अधिक माणसे का मेली?
४. "आमचे घर १९९३ साली टिकले" ह्या बोलण्यात कोणता दोष आहे?
५. आपल्या गावातील किती घरांच्या भिंतींत आरपार दगड आहेत? पुढील आठवड्यात पाहून या.