बावखल, धर्मग्राम आणि परिसर अभ्यासाचा एक तास



चौथीच्या परिसर अभ्यासात पाण्याचा भाग आला की मी आधी पुस्तक उघडत नाही, मुलांना विचारते, "तुमच्या घरी, शेताला पाणी कुठून येतं?" मी मूळची सातारा जिल्ह्यातली. डी.एड. झालं आणि नोकरी लागली ती थेट इकडे, वसईत. पहिल्याच वर्षी या प्रश्नाला एका मुलाने उत्तर दिलं, "बाई, आमच्या वाडीला बावखलाचं पाणी." मला तो शब्दच माहीत नव्हता. मुलांना तसं सांगितलं तर सगळा वर्ग खूश! त्या दिवशी त्यांनी मला शिकवलं.

बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. विहिरीसारखं बांधीव नसतं, मातीच्याच काठाचं असतं. पावसाळ्यात ते भरतं, आणि त्यातलं पाणी हळूहळू जमिनीत मुरून आजूबाजूच्या विहिरींना मिळतं. पूर्वी त्यावर रहाट असायचे. उन्हाळ्यात तळाचा गाळ काढून केळीच्या बुंध्याला घालायचे, म्हणजे तळंही साफ आणि खतही फुकट. वसईची केळी, विड्याची पानं, फुलं, भाजी हे सगळं या पाण्यावर उभं राहिलं.

आता वसई समुद्राला लागून. मग विहिरीला गोडं पाणी कसं? हा प्रश्न मुलं विचारतातच, आणि नाही विचारला तर आपण विचारावा. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असतं, त्यामुळे जमिनीखाली ते खाऱ्या पाण्याच्या वर थर करून राहतं. पाऊस मुरत राहिला तर हा थर जाड राहतो. उपसा जास्त झाला किंवा मुरणं थांबलं, की खालचं खारं पाणी वर सरकतं.

हे वर्गात सहज दाखवता येतं. काचेच्या ग्लासात अर्धं पाणी घ्या, त्यात दोन-तीन चमचे मीठ विरघळवा आणि थोडा बिटाचा रस टाका. मग चमच्याच्या पाठीवरून अगदी सावकाश साधं पाणी सोडा. दोन थर वेगळे दिसतात. (माझा पहिला प्रयत्न फसला होता, कारण मी घाईने ओतलं.) आता सुई नसलेल्या सिरिंजचं टोक वरच्या थरात, लाल पाण्याच्या जरा वर धरून पाणी ओढा. हळू ओढलं तर स्वच्छ पाणी येतं. जोरात ओढलं, की खालचा लाल रंग वर चढून सिरिंजमध्ये येतो. पाणी खारं होतं म्हणजे काय, हे मुलांना मग वेगळं सांगावं लागत नाही.

वसईत हे प्रत्यक्ष घडलं आहे. इथल्या विहिरींचं पाणी टँकरने बाहेर विकलं जायचं. त्याविरुद्ध आणि जमिनी बळकावण्याविरुद्ध हरित वसई संरक्षण समितीने चळवळ केली. तिचं नेतृत्व केलं फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी. ते १९४२ साली वसईतल्याच नंदाखाल गावी जन्मले, अनेक वर्षं 'सुवार्ता' मासिकाचे संपादक होते आणि २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचं निधन झालं. एक धर्मगुरू पाण्यासाठी रस्त्यावर का उतरला, हे मला सुरुवातीला कळलं नव्हतं. देऊळ असो की चर्च, तिथे प्रार्थना करायची आणि झाडं-पाणी हे ग्रामपंचायतीचं काम, अशीच माझी समजूत होती.

ती समजूत बदलली माझ्या विद्यार्थ्यांच्या घरच्यांमुळे. माझ्या वर्गात बरीच मुलं कॅथलिक आहेत. त्यांच्याकडे एका चर्चभोवतीच्या वस्तीला धर्मग्राम म्हणतात. बारसं, लग्न, अंत्यविधी, सण, सगळं त्या धर्मग्रामाशी बांधलेलं. आणि त्यांचं वर्षाचं कॅलेंडर नीट पाहिलं तर शेतीच्या खुणा जागोजागी दिसतात. झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या घरी ठेवतात. पुढच्या वर्षी त्याच जाळून राख करतात आणि राखेच्या बुधवारी ती कपाळाला लावतात. मिस्सामध्ये भाकर आणि द्राक्षरस अर्पण करताना जमीन आणि माणसाचे कष्ट या दोन्हींचा उल्लेख होतो. मुंबईतल्या गावठाणांमधला ईस्ट इंडियन समाज ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा साजरा करतो, तेव्हा भाताच्या नव्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेतात.

२०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' हे पत्र लिहिलं. नाव घेतलं आहे असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्या सुमारे आठशे वर्षांपूर्वीच्या स्तोत्रातून. त्या स्तोत्रात सूर्याला भाऊ आणि पाण्याला बहीण म्हटलं आहे. याच संताला १९७९ साली पर्यावरणाचे आश्रयदाते म्हणून घोषित केलं गेलं. पोप यांचं पत्र फक्त कॅथलिकांना नाही, पृथ्वीवरच्या प्रत्येकाला उद्देशून आहे. पृथ्वी हे आपलं सामाईक घर आहे आणि ते बिघडलं की आधी गरीब होरपळतो, हा त्यातला मुख्य मुद्दा. आणखी एक गोष्ट त्यात स्पष्ट केली आहे. बायबलच्या पहिल्या अध्यायात माणसाला पृथ्वीवर सत्ता दिल्याचं वाचून काही जण वाटेल तसं ओरबाडायचा परवाना समजले. पण दुसऱ्याच अध्यायात माणसाला बागेत ठेवलं ते तिची मशागत आणि राखण करायला. राखण हा शब्द वाडीवाल्या मुलांना लगेच कळतो.

पत्रात कामंही साधी सांगितली आहेत: प्लास्टिक कमी वापरा, कचरा वेगळा करा, लागेल तेवढंच शिजवा, झाडं लावा, नको ते दिवे बंद करा. १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर, म्हणजे संत फ्रान्सिस यांच्या सणापर्यंत, सृष्टीसाठी खास प्रार्थनेचा काळ पाळतात.

आता सगळं गोड गोड लिहिणार नाही. आमच्या शाळेच्या वाटेवर एका वर्षी सणाच्या दुसऱ्या दिवशी थर्माकोलच्या पत्रावळ्या आणि प्लास्टिकचे पेले पसरले होते. तिसरीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, हे कोण उचलणार?" तिच्या घरचेही त्या जेवणाला होते. आमच्याकडच्या जत्रेतही हेच होतं, तेव्हा मला नाव ठेवायचा हक्क नाही. मी तिला म्हटलं, घरी विचार. तिने विचारलं. पुढच्या वर्षी निदान तिच्या आळीच्या पंगतीत केळीची पानं आली. वसईत केळीची पानं विकत आणावी लागतात का हो? वाडीत तर असतात! पण पेले प्लास्टिकचेच होते. स्टीलचे पेले घासणार कोण, यावर अजून बायकांमध्ये आणि पुरुषांमध्ये एकमत नाही, असं तिच्या आईने मला हसत सांगितलं.

बावखलाचं प्रकरण मात्र हसण्यासारखं नाही. शाळेच्या वाटेवरचं एक बावखल दोन वर्षांत डेब्रिज टाकून निम्मं भरलं. जागा खासगी. मालकही त्याच धर्मग्रामातले, रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारे. एका विद्यार्थ्याचे आजोबा मला म्हणाले, "बाई, जागा त्याची आहे, कबूल. पण ते भरलं तर आमच्या विहिरीचं काय? आणि पावसाचं पाणी जाणार कुठे, तर आमच्या घरात!" ते फादरांकडे गेले, फादर मालकांकडे गेले. डेब्रिजच्या गाड्या सध्या थांबल्या आहेत. मालकांचीही अडचण आहे, मुलीच्या लग्नाचं कर्ज आहे, वाडीतून पूर्वीसारखं उत्पन्न नाही. हे मुलांसमोर मांडताना मी कोणाला खलनायक केलं नाही. चौथीतल्या मुलांनाही कळतं की बरोबर काय ते माहीत असूनही माणूस अडतो.

मग आम्ही एक उपक्रम केला. मुलांनी आजी-आजोबांना विचारून आपापल्या आळीतल्या बावखलांची नावं आणि जागा लिहून आणल्या आणि मोठ्या कागदावर नकाशा काढला. पाणी असेल तिथे निळा रंग, बुजलं असेल तिथे राखाडी. काही नावं फक्त आजींनाच ठाऊक होती, त्या जागी आता इमारती आहेत. अर्धवट भरलेल्या बावखलाला कुठला रंग द्यायचा यावर वर्गात भांडण झालं आणि शेवटी दोन्ही रंग दिले. तो नकाशा आम्ही पालकसभेत लावला, आणि एका पालकांनी तो चर्चच्या सूचनाफलकासाठी मागून नेला.

तुमच्या गावात बावखल नसेल, पण आड, बारव, तळं असेलच. नकाशाला साधारण तीन तास लागतात. पहिल्या तासाला प्रश्न तयार करून घ्या, नाहीतर मुलं आजोबांना फक्त "किती होती?" एवढंच विचारून येतात. कोण पाणी भरायचं, गाळ कोण काढायचं, कधी आटलं, हे विचारायला सांगा. आणि ग्लासातला प्रयोग नकाशाच्या आधी करा, नंतर नको.