पॅकेज कसें बांधावें, व तें अडल्यास चूक कशी शोधावी

सातारच्या डोंगरांत जशा ‘दऱ्या’ आहेत, तसा कोंकणापलीकडे ‘दर्या’ आहे. हे दोन शब्द संगणकावर वेगळे दिसावयाचे, तर त्यावर मराठीचा चांगला फॉन्ट असला पाहिजे, आणि तो सर्वत्र नीट पोंचावा म्हणून कोणी तरी त्याचें पॅकेज बांधलें पाहिजे. हें काम कसें चालतें, व तें मध्येंच अडल्यास काय करावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करूं.

प्रथम मूळ साहित्य व तयार माल यांतील भेद ध्यानांत घ्यावा. सांगली जिल्ह्यांत किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० सालीं उभा राहिला. तेथील लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या हातीं तयार आला; सांचा व ओतशाळा त्याला बाळगावी लागली नाहीं. सातारा जिल्ह्यांत ओगलेवाडीस पूर्वीं होणाऱ्या प्रभाकर कंदिलाचीही तीच गोष्ट. सॉफ्टवेअरमध्यें ‘सोर्स’ म्हणजे माणसानें लिहिलेला मजकूर, व ‘बायनरी’ म्हणजे त्यापासून कंपायलरनें घडविलेला यंत्राच्या भाषेंतील माल.

इअन मर्डॉक यांनीं १६ ऑगस्ट १९९३ रोजीं जाहीर केलेल्या डेबियन या मुक्त प्रणालींत अशा तयार मालाच्या पॅकेजास ‘डेब’ म्हणतात. त्यांत तीन वस्तू असतात: पॅकेजच्या रचनेची आवृत्ति सांगणारी लहानशी नोंद, नांव, आवृत्ति व लागणारीं इतर पॅकेजें सांगणारी चिठ्ठी, आणि प्रत्यक्ष माल.

आतां उदाहरण म्हणून ‘लोहित’ हा देवनागरी फॉन्ट घेऊं. अक्षरांचीं वळणें त्याच्या सोर्समध्यें असतात. ‘फॉन्टफोर्ज’ नांवाचें साधन त्यांपासून फॉन्टची तयार फाइल करितें, व ती फाइल पॅकेजमध्यें जाते. समजा, काम मध्येंच थांबलें. तर पुढील क्रमानें चालावें.

पहिला नियम: शेवटची ओळ नव्हे, पहिली चूक वाचावी. ‘एरर २’ अशी शेवटची ओळ पाहून विद्यार्थी घाबरतो. पण ती केवळ वर कांहीं तरी फसलें, एवढेंच सांगते. तिच्या आधीं कदाचित् ‘फॉन्टची फाइल सांपडत नाहीं’ असें लिहिलेलें असेल. म्हणून ती फाइल शोधीत बसणें व्यर्थ होय. आणखी वर जावें, म्हणजे ‘फॉन्टफोर्ज सांपडत नाहीं’ अशी ओळ दिसेल. साधनच नाहीं, म्हणून फाइल झाली नाहीं; हें खरें कारण. याकरितां सर्व संदेश एका फाइलींत जतन करून वरून खालीं वाचावे.

दुसरा नियम: साहित्याची यादी ताडून पहावी. सोर्सबरोबर ‘कंट्रोल’ नांवाची फाइल असते. बांधणीस काय काय लागतें तें तींत लिहिलेलें असतें. ‘डीपीकेजी-चेकबिल्डडेप्स’ ही आज्ञा दिली, कीं उणीव कळते. सी भाषेंतील प्रोग्रामांत एक विशेष आहे. एखादी लायब्ररी संगणकावर असूनही ‘हेडर फाइल नाहीं’ अशी तक्रार येते. अशा वेळीं त्याच लायब्ररीचें ‘डेव्ह’ शेवटीं असलेलें पॅकेज घालावें. हेडर त्यांत असतात.

तिसरा नियम: स्वच्छ जागेंत बांधावें. आपल्या संगणकावर पूर्वीं घातलेलीं अनेक साधनें असतात, त्यामुळें यादींतील उणीव झांकली जाते. सांगलीस सुरळीत झालेली बांधणी साताऱ्यास अडते ती याच कारणानें. ‘एसबिल्ड’ किंवा ‘पीबिल्डर’ हीं साधनें प्रत्येक वेळीं कोरी जागा निर्माण करून तींत केवळ यादींतील साहित्य ठेवितात. तेथें बांधणी झाली, तर यादी पुरी आहे असें समजावें.

चौथा नियम: यंत्राची जात पहावी. फॉन्टचें पॅकेज सर्व यंत्रांस एकच चालतें; पण कंपायलरनें घडविलेला माल प्रोसेसरप्रमाणें बदलतो. ६४ बिटांसाठीं बांधलेला प्रोग्राम जुन्या ३२ बिटांच्या यंत्रावर चालत नाहीं. ९ ऑगस्ट २०२५ रोजीं निघालेल्या डेबियन १३ पासून ३२ बिटांच्या जुन्या पीसीसाठीं कर्नल व इन्स्टॉलर देणें बंद झालें आहे. जुने संगणक असलेल्या शाळांनीं हें आधींच पहावें.

या सर्वांत एक शिस्त पाळावी. एका वेळीं एकच बदल करावा, तो वहींत टिपावा, मगच पुन्हां बांधणी करावी. एकदम चार बदल केल्यास काम झालें तरी कशानें झालें तें कळत नाहीं, आणि ज्ञान पदरीं पडत नाहीं.

पॅकेज बांधून झालें म्हणजे काम संपलें असेंही नव्हे. तें दुसऱ्या संगणकावर घालावें, ‘दऱ्या’ व ‘दर्या’ हे शब्द टंकावे, व दोन्ही रकार वेगळे उमटतात कीं नाहीं तें डोळ्यांनीं पहावें. पालकांसही विनंति, कीं मुलगा अगर मुलगी पडद्यावरील चुकांची लांब यादी वाचीत बसली असेल, तर वेळ वाया जातो असें समजूं नये. खरें कारण सांपडेपर्यंत धीरानें वर वर वाचीत जाणें, हाच येथील अभ्यास होय.