यंत्रप्रतिमा : दूरस्थ संगणकाचा साचा

बिडाचा साचा एकदा घडविला, की त्यातून पोलादाच्या लगडी पुनःपुन्हा ओतता येतात, हे भिलाईसारख्या पोलादनगरीत कोणास सांगावयास नको. संगणकाची यंत्रप्रतिमा हा असाच साचा होय.

घरच्या साध्या संगणकावर भारी खेळ खेळावयाचा असल्यास ग्राफिक्स कार्ड असलेले विंडोज यंत्र दूरच्या केंद्रात तासाच्या भाड्याने घेता येते. ॲमेझॉनने मुंबईत असे केंद्र 2016 मध्ये उघडले. भाड्याच्या यंत्रावर प्रथम कार्डाचा ड्रायव्हर, मग चित्रे पाठविणारा ‘सनशाइन’सारखा प्रोग्राम आणि शेवटी खेळ बसवावा. सर्व सुरळीत चालल्यावर त्याची प्रतिमा घेऊन यंत्र काढून टाकावे. ते नुसते थांबविले, तर त्याच्या डिस्कचे भाडे चालूच राहते. साच्यातील दोष प्रत्येक लगडीत उतरतो. त्याचप्रमाणे प्रतिमेत राहून गेलेले पासवर्ड प्रत्येक नव्या यंत्रात जातात. ते आधीच पुसावेत.

अंतरावर मात्र प्रतिमेचा इलाज चालत नाही. काचतंतूतून प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे 200 किलोमीटर जातो. मुंबई भिलाईहून सरळ रेषेत सुमारे 900 किलोमीटर असल्याने जाण्यायेण्यातच किमान 9 मिलिसेकंद जातात. आणि सेकंदाला 60 चित्रे दाखविणाऱ्या खेळात एका चित्राच्या वाट्यास 17 मिलिसेकंदही येत नाहीत. याच कंपनीचे हैदराबादचे केंद्र 2022 मध्ये सुरू झाले. ते भिलाईस अधिक जवळ आहे, आणि प्रतिमेची नक्कल तेथे नेता येते. तथापि तारा सरळ रेषेत जातातच असे नाही. म्हणून साचा घडविण्यापूर्वी दोन्ही केंद्रांचा विलंब मोजून पाहावा.