ई-रीडर आणि वाचनाची सवय

ई-रीडर कोणता घ्यावा, याआधी ‘आपण वाचतो काय?’ हा प्रश्न स्वतःला विचारावा. आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. शिष्यवृत्तीचा पैसा एकदाच खर्च होणार, म्हणून हा खटाटोप.

ई-रीडरचा पडदा ई-शाईचा असतो. तो कागदाप्रमाणे बाहेरचा प्रकाश परावर्तित करतो, त्यामुळे उन्हातही अक्षर स्पष्ट दिसते. वीज मुख्यतः पान बदलतानाच लागते. म्हणून बॅटरी कित्येक दिवस पुरते. २००७ साली आलेल्या पहिल्या किंडलचा पडदा ६ इंची होता. कादंबरी वाचणाऱ्याला तेवढा पुरतो, कारण ईपब पुस्तकात अक्षर मोठे केले की ओळी आपोआप नव्याने जुळतात. परंतु आम्हा मराठीच्या विद्यार्थ्यांना लागणारे जुने ग्रंथ बहुधा स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये मिळतात. तेथे प्रत्येक पान म्हणजे एक चित्र. मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते. त्यासाठी १० इंची पडदा हवा, आणि त्याची किंमत बरीच अधिक.

तात्पर्य, कथा-कादंबरीच्या वाचकाने लहान ई-रीडर खुशाल घ्यावा. संदर्भग्रंथ वाचणाऱ्याने घाई करू नये. माझे वाचन दुसऱ्या प्रकारचे आहे. तेव्हा तूर्त ग्रंथालयाचे कार्डच बरे!